रात्री दहाला उमललेलं फूल: ऑर्किडची नवी प्रजाती 'सापडते' म्हणजे नेमकं काय होतं?

(या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. मधले 'अं', 'म्हणजे' आणि मागून आलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया.

आजचा विषय ऑर्किड. लग्नाच्या स्टेजवर लावतात ती जांभळी फुलं डोळ्यांसमोर आली असतील, पण ती बाजूला ठेवा. आज आपण पापुआ न्यू गिनी, बोर्निओ, मादागास्कर अशा उष्ण कटिबंधातल्या बेटांवर जाणार आहोत. तिथल्या जंगलांत आजही ऑर्किडच्या नव्या प्रजाती सापडतात. पण 'सापडतात' हा शब्दच मला हल्ली खटकायला लागलाय. का, ते सांगतो.

आधी कबुली देतो. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. मागच्या वर्षी शनिवार-रविवारी एक ॲप बनवत होतो. फोटो टाका, ऑर्किड ओळखा. हजारो फोटो गोळा केले, मॉडेल ट्रेन केलं, टेस्टमध्ये मार्क चांगले पडले. मी खूश! मग आईने गॅलरीतल्या मनीप्लांटचा फोटो काढून ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, अमुक ऑर्किड, ९१ टक्के खात्री. आई म्हणाली, "वा, दोनशे रुपयांच्या कुंडीत ऑर्किड आलं की रे!"

मी हसण्यावारी नेलं. आणि सप्टेंबरमध्ये त्याच ॲपच्या भरवशावर एक चूक केली. सह्याद्रीतल्या एका घाटात झाडाच्या फांदीवर ऑर्किड दिसलं. फूल नव्हतं, नुसती पानं आणि एक वाळलेला दांडा. ॲपने एका दुर्मिळ ऑर्किडचं नाव सांगितलं, ८८ टक्के. मी लगेच ट्रेकिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला, सोबत लोकेशनचा पिन. त्याचं पुढे काय झालं ते शेवटाकडे सांगतो.

ॲपला 'माहीत नाही' म्हणता येत नाही

माझ्या ॲपसारखी साधी मॉडेल्स काम कशी करतात ते दोन मिनिटांत समजून घेऊ. समजा तुम्ही मॉडेलला ३०० प्रजाती शिकवल्यात. आता तुम्ही कुठलाही फोटो द्या, ते १०० टक्के या ३०० नावांत वाटून टाकतं. ज्याला जास्त वाटा, ते उत्तर. यादीबाहेरचं काही समोर आलं तरी ते १०० टक्के कुठेतरी वाटायचेच असतात. म्हणून मनीप्लांटसुद्धा ऑर्किड होतो.

मला प्रश्न पडला तो इथे. आजवर जगात कोणीच नाव न दिलेली प्रजाती समोर आली तर? ती कोणत्याच यादीत नसणार. मग माणसं तरी ती ओळखतात कशी? 'हे आजवर कोणाला माहीत नव्हतं' असं छातीठोकपणे म्हणायचं कशाच्या जोरावर?

उत्तर शोधताना मला एका फुलाची गोष्ट सापडली. आजचा एपिसोड त्या फुलाचा आहे.

न उमलणाऱ्या कळ्या

पापुआ न्यू गिनी देशात, मुख्य भूभागाच्या पूर्वेला, न्यू ब्रिटन नावाचं बेट आहे. २००८ मध्ये एड दे फोगल हे डच ऑर्किडतज्ज्ञ तिथे गेले होते. ज्या भागात त्यांना जायची परवानगी मिळाली, तो लाकूडतोडीचा भाग होता. तिथून त्यांनी काही ऑर्किड गोळा केली आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या वनस्पती उद्यानात आणून काचघरात वाढवायला ठेवली.

त्यातलं एक रोप बल्बोफायलम या गटातलं होतं, एवढं दिसत होतं. पण हा गट किती मोठा? दोन हजारांहून अधिक प्रजाती! सपुष्प वनस्पतींमधल्या सगळ्यांत मोठ्या गटांपैकी एक. त्यातल्या अनेकांचं रूप सारखंच. खाली एक फुगीर कंद, त्यावर एक पान. नुसतं पान बघून प्रजाती सांगणं म्हणजे हेल्मेट घातलेल्या माणसाला ओळखण्यासारखं. फूल हवंच.

आणि नेमकं फूलच येईना. कळी यायची, वाढायची, आता उमलणार असं वाटेपर्यंत मोठी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर कोमेजलेली. पुन्हा नवी कळी, पुन्हा तेच.

तुम्ही कोड लिहीत असाल तर ही जात तुम्हाला ओळखीची वाटेल. तुम्ही बघत असता तेव्हा बग येतच नाही. अशा वेळी आपण काय करतो? रात्रभर लॉग लावून ठेवतो. दे फोगल यांनी साधारण तेच केलं. ते रोप घरी घेऊन गेले आणि संध्याकाळनंतरही त्याच्यावर लक्ष ठेवलं.

रात्री दहाच्या सुमारास कळी उमलली.

सूर्य उगवल्यावर काही तासांत फूल मिटलं. एका फुलाचं आयुष्य एवढंच, एक रात्र. काचघरातली माणसं सकाळी येणार आणि संध्याकाळी घरी जाणार. त्यांना आदल्या दिवशीची कळी दिसायची आणि दुसऱ्या दिवशीचं मिटलेलं फूल. मधलं सगळं अंधारात होऊन जायचं.

अशी ऑर्किड आहेत ज्यांच्याकडे रात्री पतंग येतात, पण ती फुलं दिवसाही उघडीच असतात. फक्त रात्री उमलणारं ऑर्किड तोवर नोंदलंच गेलं नव्हतं. दे फोगल यांनी लंडनच्या क्यू उद्यानातले आंद्रे स्खाउटमन आणि बल्बोफायलमचे जाणकार याप फरम्यूलेन यांच्यासोबत २०११ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं बल्बोफायलम नॉक्टर्नम. नॉक्टर्नम म्हणजे रात्रीचं.

आता तारखा बघा. रोप गोळा केलं २००८ मध्ये, नाव मिळालं २०११ मध्ये. तीन वर्षं. मग ही प्रजाती 'सापडली' कधी? जंगलातून उचलली तेव्हा, त्या रात्री दहा वाजता, की छापून आली तेव्हा?

बेटांवरच एवढी ऑर्किड का?

थोडा वेळ त्या फुलाला बाजूला ठेवू. उष्ण बेटांवर एवढी ऑर्किड का, ते बघू.

पहिलं कारण बी. ऑर्किडचं बी म्हणजे अक्षरशः धूळ. एका शेंगेत हजारो, काही प्रजातींत लाखो बिया. वाऱ्यावर सहज उडतात, समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावरही पोचतात. पण या बीमध्ये शिदोरी नसते. आंब्याच्या कोयीत असतो तसा अन्नाचा साठा नाही. रुजण्यासाठी त्याला योग्य बुरशी भेटावी लागते, तिच्याकडून अन्न मिळतं. त्यामुळे लाखातलं एखादंच बी जगतं.

दुसरं कारण एकटेपणा. असं एखादं बी दूरच्या बेटावर रुजलं की त्याची पुढची पिढी मूळ गोतावळ्यापासून तुटते. बेटावरचे कीटक वेगळे, पाऊस वेगळा. पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू फरक साठत जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी फोर्क झाली आणि पुन्हा मर्ज कधी झालीच नाही. शिवाय न्यू गिनीसारख्या बेटावर उंच डोंगर आणि खोल दऱ्या आहेत. दरी ओलांडता येत नसेल तर एकेक डोंगरमाथाही बेटासारखाच.

आकडा ऐका. २०२० मध्ये ९९ तज्ज्ञांनी मिळून न्यू गिनी बेटावरच्या वनस्पतींची पडताळून केलेली यादी प्रसिद्ध झाली. एकूण १३,६३४ प्रजाती. मादागास्कर आणि बोर्निओपेक्षाही जास्त, म्हणजे जगातल्या कुठल्याही बेटापेक्षा जास्त. त्यातली २,८०० हून अधिक नुसती ऑर्किड. आणि ही फक्त नाव मिळालेल्यांची मोजदाद आहे, बरं का.

'नवं आहे' हे सिद्ध कसं करतात?

समजा तुमच्या हातात एक अनोळखी फूल आहे. ते नवं आहे म्हणायचं, तर आधीच्या कुठल्याच प्रजातीशी ते जुळत नाही हे दाखवावं लागतं. 'आहे' दाखवणं सोपं, एक नमुना पुढे केला की झालं. 'नाही' दाखवायला सगळं चाळावं लागतं.

पहिली पायरी, फूल उघडून बघणं. ऑर्किडच्या फुलात बाहेर तीन दलं, आत तीन पाकळ्या. आतल्या तिघींपैकी एक वेगळीच असते, तिला ओठ म्हणतात. कीटक बहुतेक वेळा तिच्यावर उतरतो. मध्ये एक दांडी, तिच्यात नर आणि मादी भाग एकत्र जोडलेले. परागकणही सुटे नसतात, त्यांचे छोटे गोळे असतात. या प्रत्येक भागाचं माप, आकार, कडा, केस, खाचा हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहितात आणि चित्र काढतात. हो, आजही हाताने रेषाचित्र काढतात. फोटोत जे झाकलं जातं ते चित्रात दाखवता येतं.

फूल जपायचं कसं? झाड कागदात दाबून सुकवतात. पण ऑर्किडचं फूल दाबलं की चपटं होऊन त्याचा आकार जातो, म्हणून काही फुलं अल्कोहोलच्या बाटलीत ठेवतात. नॉक्टर्नमच्या फुलाचाच विचार करा. त्याच्या पाकळ्यांना लांब, लोंबत्या दोऱ्यांसारखे अवयव आहेत. ते एका प्रकारच्या बुरशीसारख्या जीवाच्या फळांसारखे दिसतात, म्हणून बुरशीवर येणाऱ्या बारीक माश्या परागीभवन करत असाव्यात असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. हे सगळं कागदात दाबलं तर काय उरणार?

दुसरी पायरी, तुलना. इथे हर्बेरियम लागतं. म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह, कपाटांच्या रांगाच्या रांगा. आपल्या फुलाच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांचे नमुने काढायचे, जुनी वर्णनं वाचायची, त्यातली कित्येक लॅटिन आणि जर्मनमध्ये. एकेक करून 'हे नव्हे, हेही नव्हे' करत जायचं. नॉक्टर्नमच्या बाबतीत 'रात्री उमलतं' एवढं कारण पुरेसं नव्हतं. त्याच्या भावंडांपेक्षा त्याचं फूल घडणीतही वेगळं असावं लागतं.

तिसरी पायरी, नियम. वनस्पतींच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. नवं नाव द्यायचं तर वर्णन रीतसर प्रसिद्ध करावं लागतं. २०११ संपेपर्यंत ते लॅटिनमध्ये लागायचं, २०१२ पासून इंग्रजीही चालतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एक नमुना निवडून तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय हे सांगावं लागतं. त्याला 'टाइप' म्हणतात. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. शंभर वर्षांनी कोणी विचारलं, 'या नावाने तुम्ही नक्की कशाला हाक मारत होता?', तर त्या कपाटाकडे बोट दाखवायचं.

म्हणून माझं आताचं मत असं आहे. झाड जंगलात दिसतं, पण प्रजाती कपाटासमोर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि कागदावर सिद्ध होते. कित्येकदा तर झाड आधीच गोळा करून ठेवलेलं असतं आणि कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं. २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वनस्पतींच्या नव्या प्रजातींपैकी जेमतेम १६ टक्क्यांना पहिला नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांत नाव मिळालं. जवळपास एक चतुर्थांश वर्णनांमागे ५० वर्षांहून जुने नमुने होते. पन्नास वर्षं कपाटात पडून!

बर्लिनची रात्र

आता टाइप नमुनाच गेला तर?

रुडॉल्फ श्लेश्टर नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू गिनीचा ईशान्य भाग जर्मनीच्या ताब्यात होता. त्या काळात त्यांनी तिथल्या जंगलांत फिरून ऑर्किड गोळा केली आणि १९११ ते १९१४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हजाराहून अधिक नव्या प्रजातींची वर्णनं दिली. एका माणसाने! त्यांचे मुख्य नमुने बर्लिनच्या हर्बेरियममध्ये होते. १९४३ च्या मार्चच्या सुरुवातीला एका रात्री बर्लिनवर बॉम्ब पडले आणि ते हर्बेरियम जळालं. श्लेश्टर यांचा ऑर्किडसंग्रह त्यात गेला.

नावं राहिली, पण ती ज्यांच्याकडे बोट दाखवत होती ते नमुने राखेत गेले. पुढचा माणूस न्यू गिनीतून रोप आणतो आणि म्हणतो, 'हे नवं दिसतंय.' पण ते श्लेश्टर यांच्या हजारातलंच एखादं असेल तर? पडताळायचं कशाशी?

वाचवलं ते प्रतींनी. एकाच झाडाचे अनेक भाग सुकवून दुसऱ्या शहरांतल्या हर्बेरियमना पाठवायची पद्धत तेव्हाही होती. असे काही जोडनमुने इतरत्र सापडले. त्यांनी काढलेली फुलांची चित्रंही छापली गेली होती. संहितेत अशा वेळेसाठी नियम आहे, उरलेल्यांतून नवा टाइप निवडता येतो. ऑफिसात कोणी 'बॅकअप नंतर घेऊ' म्हणालं की मला आता बर्लिन आठवतं.

सीतेची वेणी आणि जावा बेट

नाव मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. त्याला कुठल्या घरात बसवायचं, हा वेगळा प्रश्न. शास्त्रीय नावातला पहिला शब्द जीनसचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा प्रजातीचा.

याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. सीतेची वेणी माहितीये ना? पावसाळ्याच्या तोंडाला झाडावरून लोंबणारा पांढऱ्या-गुलाबी फुलांचा घोस. तेच ऑर्किड सह्याद्रीपासून जावा, बोर्निओ आणि फिलिपिन्स बेटांपर्यंत वाढतं. १७५३ मध्ये लिनियसने त्याला एपिडेंड्रम रेट्युसा... थांबा, एपिडेंड्रम रेट्युसम म्हटलं. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचं. झाडावर वाढणारी ऑर्किड बहुतेक सगळी त्याने याच एका खोक्यात टाकली होती. पुढे जावामध्ये काम करणाऱ्या ब्लूमे या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ऱ्हिंकोस्टायलिस हा वेगळा जीनस केला आणि १८५० मध्ये आपली वेणी त्यात गेली. आज तिचं नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आडनाव बदललं, पण मूळचं नाव टिकलं, कारण नियमाप्रमाणे आधी दिलेल्या नावाचा मान पहिला. मध्ये वेगवेगळ्या लोकांनी तिला वेगवेगळी नावं दिली होती, ती आता पर्यायी नावं म्हणून नोंदीत उरली आहेत.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. एकाच प्रजातीला चार नावं दिली जातात, किंवा चार प्रजाती एका नावाखाली दबून राहतात. एका डोंगरावर ओठ पिवळा, दुसऱ्यावर लाल. वेगळी प्रजाती की नुसता रंगाचा फरक? एका रोपावरून ठरत नाही. अनेक रोपं बघावी लागतात, मधल्या छटा आहेत का ते तपासावं लागतं. आता डीएनएची मदत होते. त्याने कोण कोणाच्या जवळचं हे बरंच स्पष्ट झालं आणि जुनी काही घरं मोडलीसुद्धा. नॉक्टर्नम ज्या एपिक्रिअँथिस कुळातलं आहे ते एके काळी स्वतंत्र जीनस मानत, आता ते बल्बोफायलमच्या आतच धरतात. पण डीएनए म्हणजे जादूची कांडी नाही. तुलनेसाठी नाव पक्कं असलेला नमुना तिथेही लागतोच.

नाव दिल्याने काय होतं?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? फूल तर नावाशिवायही फुलतंच की.

पण नॉक्टर्नम कुठून आलं आठवा. लाकूडतोडीच्या भागातून. ज्याला नाव नाही ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत सहसा येऊ शकत नाही. यादीत नाही, तर जंगल वाचवा म्हणताना त्याचा दाखला देता येत नाही. आणि फूल जर रात्री दहाला उमलून सकाळी मिटत असेल, तर ते होतं हेही कोणाला कळलं नसतं. झाडं पडली असती आणि हिशेबात काहीच कमी झालं नसतं.

मादागास्करचं उदाहरण घ्या. तिथल्या एका ऑर्किडला साधारण ३० सेंटीमीटर लांबीची मधाची नळी असते. ते बघून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. असा पतंग खरंच होता, त्याचं वर्णन १९०३ मध्ये आलं, डार्विन गेल्यावर २१ वर्षांनी. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण २०२४ मध्ये त्याच बेटावरच्या आणखी एका ऑर्किडचं वर्णन प्रसिद्ध झालं. फूल फक्त दोन सेंटीमीटरचं आणि नळी ३३ सेंटीमीटर! नाव ठेवलं सोलेनँजिस इंप्रेडिक्टा. इंप्रेडिक्टा म्हणजे जिचं भाकीत कोणी केलं नव्हतं ती. नाव मिळतंय तोच तिच्यापुढे खाणकाम आणि चोरट्या गोळा करणाऱ्यांचा धोका उभा आहे.

इथे नावाची दुसरी बाजू येते. नाव आणि पत्ता छापला की हावरट लोकही वाचतात. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरचं पॅफिओपेडिलम रॉथशील्डियानम हे देखणं ऑर्किड १८८८ मध्ये जगापुढे आलं. तेव्हा विक्रेत्यांनी प्रतिस्पर्ध्यांना चकवायला ते न्यू गिनीचं असल्याचं सांगितलं. खरी जागा इतकी हरवली की १९५९ मध्ये ते किनाबालूवर पुन्हा शोधावं लागलं. आज शास्त्रज्ञ खोटा पत्ता देत नाहीत, पण दुर्मिळ ऑर्किडची नेमकी जागा शोधनिबंधात मुद्दाम मोघम ठेवतात. निसर्गनोंदींची काही ॲप्सही धोक्यातल्या प्रजातीची जागा नकाशावर धूसर करतात. अर्थात नाव बरोबर ओळखलं गेलं असेल तरच.

माझ्या पिनचं काय झालं

तीन आठवड्यांनी मी त्या घाटात परत गेलो. फांदीवर ऑर्किड नव्हतं. साल खरवडून मुळांसकट काढलेलं दिसत होतं. कोणी नेलं मला माहीत नाही. ग्रुपमध्ये चारशेच्या वर माणसं, पिन पुढे कुठे कुठे गेला कोण जाणे.

नंतर तो फोटो वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पानं आणि तो वाळलेला दांडा निरखला आणि म्हणाले, "अरे, ही सीतेची वेणी. फुलं येऊन गेलीयेत." मग म्हणाले, "आणि मला तरी पूर्ण खात्री फूल बघूनच देता आली असती."

म्हणजे दुर्मिळ नव्हतंच. माझ्या ॲपला 'माहीत नाही' म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. एड दे फोगल यांच्याकडे अख्खं रोप होतं, ज्ञान होतं, तरी कळी उमलेपर्यंत ते थांबले. मी ८८ टक्क्यांवर पिन टाकून मोकळा झालो.

ॲप मी पूर्ण बंद केलं नाही. दोन गोष्टी बदलल्या. यादीबाहेरचं वाटलं किंवा फोटोत फूल नसलं, तर ते आता 'सांगता येत नाही' असं लिहितं. टेस्टमधले मार्क घसरले, चालेल. आणि फोटोतलं लोकेशन शेअर करण्याआधी आपोआप काढून टाकतं.

तुमच्या फोनपुरतं सांगायचं तर, ऑर्किड दिसलं की फूल समोरून, बाजूने आणि ओठ जवळून असे तीन-चार फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, झाडाला हात लावू नका. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करता येतं. नोंद करायचीच असेल तर जागा झाकून करा. आणि कळी असेल, पण दिवसा उमललेली दिसली नाही, तर लगेच 'खराब झाली' म्हणू नका. जमलं तर रात्री एक चक्कर मारा.

बल्बोफायलम नॉक्टर्नमचं वर्णन छापून आलं तेव्हा त्याच्याकडे रात्री नक्की कोण येतं, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. माशीचा अंदाज होता, पण तो अंदाज म्हणूनच लिहिला होता.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या ग्रुपवर कोणी फुलाच्या फोटोसोबत पिन टाकला असेल, तर त्याला हा एपिसोड पाठवा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.